धाकट्याला घातलेली शपथ

माझ्याकडं लोक येतात. हर्सूलच्या तलावाच्या वरल्या अंगाला आमची वस्ती आहे, आणि वस्तीत शिरताना पहिलंच घर माझं, म्हणून येणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. कुणाचा नवरा पितो, कुणाचा पोरगा, कुणाचा जावई. बाई आली तर ती पाण्याचा तांब्या हातात धरून बसते, इकडचं तिकडचं काढते, मग मुद्द्यावर येते. बाप्या आला तर म्हणतो, "एका दोस्ताचं इचारायचं व्हतं." दोस्त कोण ते मला त्याच्या डोळ्यांखालच्या सुजेवरून कळतं.

मी दुसरीपर्यंत शिकलो. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी आईच्या काखेत होतो. पुढं शाळेत घातलं तर मास्तरांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, मराठी ते आमच्याबरोबरच शिकत होते. त्यांचं पुरं होईपर्यंत थांबायला मला सवड नव्हती. मी मेंढरांमागं गेलो. पण दारूच्या बाबतीत मी जे सांगतो ते पक्कं असतं, आणि ते मी ठासून सांगतो.

"बीअर म्हंजी दारू नव्हंच ना?" दारूच. "सर्दीला दोन चमचे ब्रँडी चालंल का?" सर्दी आपोआप जाते, ब्रँडी घरात राहते. "लगीन करून दिलं की सुधरंल का?" नाही सुधरणार, एका घराच्या जागी दोन घरं रडतील. "पोटभर खाऊन पेली तर लागत नाय म्हणं?" उशिरा लागते, एवढंच. एक बाई विचारत होती, चहातून नकळत द्यायची पूड मिळते, आणू का? तिच्यावर मी खेकसलो. डॉक्टरला न विचारता, पिणाऱ्याला न सांगता त्याच्या पोटात काहीबाही घालायचं आणि वरून त्यानं दारू प्यायची, यात माणूस दगावतो. ती रडायला लागली. मग मी चहा मागवला आणि नीट समजावलं.

"किती पेली म्हंजी लई झाली?" हे तर सगळेच विचारतात. मी माप सांगत नाही. मी उलट विचारतो. दोन दिवस न पिता राहतो का? राहिला तर हात कापतात का? घरात पिण्यावरून खोटं बोलतो का? सकाळी तोंड धुवायच्या आधी लागते का? यातल्या एकालाही व्हय म्हणालात तर बाटली मोजत बसू नका, दवाखान्याची वाट धरा.

आणि एक प्रश्न असा आहे की तो आला की मी बसल्या जागी सरळ होतो. "एकदम बंद केली तर चालतं का?" रोज पिणाऱ्याची, वर्षानुवर्षं पिणाऱ्याची, घरात कोंडून एकदम बंद करायची नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. मी माझ्या सख्ख्या भावावर करून बघितलं आहे.

धाकटा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बाप लवकर गेला, म्हणून त्याला वाढवला तो मी. मी मेंढरं राखली आणि त्याला सातवीपर्यंत शाळेत बसवला. चिकलठाण्याला कारखाने उभे राहिले तेव्हा ओळखीतून त्याला तिथं चिकटवला. आमच्या वस्तीतला निळे कपडे घालून, डबा घेऊन, भोंग्यावर कामाला जाणारा तो पहिला माणूस. सकाळी तो सायकलवर टांग टाकून निघाला की मी मुद्दाम मेंढरं रस्त्याच्या कडेला आणायचो. दुसरं कुणी बघो न बघो, मला बघायचं असायचं.

त्याला पहिला पेला दिला तोही मीच. आमच्यात मेंढरांची लोकर कातरायची तर सावड असते. आज माझ्या दारात दहा माणसं कात्र्या घेऊन येतील, उद्या मी त्यांच्या दारात जाईन. कुणी कुणाला मजुरी देत नाही. घरधन्यानं दिवस मावळताना मटण घालायचं आणि पेला फिरवायचा, हा रिवाज. बापाच्या काळात शिंदी असायची. मग दारूबंदी आली तशी शिंदी गेली आणि ओढ्याच्या कडेला हातभट्टी आली. पुढं देशीचं सरकारमान्य दुकानच निघालं. पेला मात्र कधी बंद झाला नाही. धाकट्याला मिसरूड फुटलं त्या वर्षी मी दहा माणसांसमोर त्याच्या हातात पेला दिला आणि म्हणालो, "घे. आता बाप्या झालास."

मी स्वतः वर्षाला दोन कातरण्यांना दोन-दोन पेले घ्यायचो आणि पेला पालथा घालायचो. पालथा म्हणजे पालथा. कुणाची भरायची टाप नव्हती. त्यामुळं धाकटा पुढं रोज प्यायला लागला तेव्हा मला एकच कळायचं: माझी सुटते, तर याची का सुटू नये? मनात नाही, दुसरं काय!

दहा वर्षं गेली. खाडे वाढले. मुकादमाचा निरोप आला, की आता एक खाडा झाला तर गेटवरच अडवू. त्याची बायको तेव्हा माझ्याशी सरळ बोलत नसे. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. मी समोर बसलेलो असलो तरी ती माझ्या बायकोकडं तोंड करून बोलायची. "जाऊबाई, दादांला सांगा, काल सायकल इकून आले." मी ऐकत असायचो आणि मीही बायकोकडंच बघून म्हणायचो, "तिला सांग, मी बघतो."

आणि मी बघितलं. वस्तीच्या टोकाला खंडोबाचा ओटा आहे. एका रविवारी सकाळी मी भावकीतले पाच-सहा जण गोळा केले, धाकट्याला आंघोळ करायला लावली आणि ओट्यासमोर उभा केला. त्याच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर भंडारा ठेवला. बेल-भंडारा उचलला की आमच्यात त्याच्यापुढं कोर्ट नाही, कचेरी नाही. तो म्हणाला, "आजपासून शिवणार नाय."

मला ते कमी वाटलं. मी म्हणालो, "असं नाय. म्हण, शिवलो तर माझ्या पोरीचं वाटोळं हुईल."

त्याला एकच पोरगी. तेव्हा सहा वर्षांची असेल. तो माझ्याकडं बघत राहिला. "दादा, पोरीला कशाला मधी..."

"प्यायचीच नाय तर भ्यायचं कशाला?"

तो म्हणाला. शब्दाला शब्द म्हणाला. त्याची बायको लांब उभी होती, तिनं पोरीला पदराखाली ओढून घेतलं. मी ते बघितलं, आणि मला वाटलं, बरं झालं, जरब बसली.

मग मी त्याला लोकर ठेवायच्या खोलीत घातला आणि बाहेरून कडी लावली. तोही कबूल होता, जबरदस्ती काही नव्हती. तीन दिवसांत ताप उतरावा तशी उतरेल, असा माझा हिशोब. आत पाणी ठेवलं, घोंगडं ठेवलं, दोन वेळा भाकरी जात होती.

संध्याकाळी चहा दिला तर कपातला निम्मा त्याच्या मांडीवर सांडला, एवढे हात कापत होते. मी म्हणालो, "नाटकं करू नको." दुसऱ्या दिवशी अंगातून घामाच्या धारा, आणि तो भिंतीला "हुर्र, हुर्र" करत होता. खोलीत मेंढरं शिरलीत म्हणे. खोलीत एक मेंढरू नव्हतं. मी बाहेर येऊन भावकीला सांगितलं, "बघा, दारू बाहेर पडतीया. मी म्हणलो व्हतो का नाय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शब्दावर मान डोलवायची सवय होती त्यांना.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मी मेंढरं सोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात आतून धाडदिशी आवाज आला. कडी काढली. धाकटा जमिनीवर धनुष्यासारखा ताणला होता, डोळे पांढरे, दात आवळलेले, हातपाय थाडथाड आपटत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "आलं! आलं! अंगात आलं!" दुसरा म्हणाला, "देवानं शपथ मानली."

इथं माझी चूक झाली आणि ती मी झाकत नाही. मलाही तेच वाटलं. दोन दिवसांपूर्वी या माणसानं देवासमोर भंडारा उचललेला, आज तो असा थरथरतोय, मग दुसरं काय असणार? अंगात आलेलं आम्ही लहानपणापासून बघितलेलं. फिट कशी असते ते कुणी दाखवलं होतं? मी हात जोडले. बायांनी हळदी-कुंकू आणलं. भंडारा इतका उधळला की धाकट्याच्या नाकातोंडात गेला. एक म्हातारी त्याच्या पायाशी बसून विचारायला लागली, "देवा, माझी म्हस कवा गाभण ऱ्हाईल?"

तेवढ्यात त्याची बायको गर्दीतून आत घुसली. तिनं म्हातारीला बाजूला केलं, नवऱ्याला कुशीवर वळवलं, त्याच्या गालावरचा भंडारा पुसला. खाली रक्त होतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. जावेकडं नाही, भिंतीकडं नाही, माझ्याकडं.

"दादा, ह्यांनी जीभ चावलीय. देव जीभ चावतो व्हय?"

मी म्हणालो, "तू गप. बाईमाणसानं मधी..."

"देव इजार वली करतो व्हय?" तिनं बोट दाखवलं. "डोळं उघडून बघा की! माझा नवरा मरायलाय आन् तुमी हात काय जोडताय?"

एवढं बोलून ती पोरीला काखेत मारून रस्त्याकडं पळाली. दुधाचा टेम्पो सकाळी शहराकडं जायचा. ती त्याच्या आडवी उभी राहिली. टेम्पोवाल्याचा भोंगा वस्तीपर्यंत ऐकू येत होता, ती हलली नाही. तोवर धाकटा सैल पडला होता, पण शुद्धीवर नव्हता. मग मी त्याला उचलला. हलका लागला. एवढा हलका कधी झाला ते मला माहीत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात नाव लिहिणाऱ्या बाबूनं विचारलं, "राहणार?"

"हर्सूल."

"आतले का बाहेरचे?"

हर्सूलला तुरुंग आहे, म्हणून आमच्या नशिबी हा विनोद जन्माचा चिकटलेला. एरवी मी चोख उत्तर दिलं असतं. त्या दिवशी फक्त म्हणालो, "बाहेरचे. लवकर लिवा."

डॉक्टर पोरगेलासा होता, चष्म्यावाला. त्यानं धाकट्याला सुया टोचल्या, सलाईन लावली, हातपाय कापडानं पलंगाला बांधले. मग मला बाजूला घेतलं. "रोज पीत होते?"

"व्हय."

"किती दिवस झाले बंद करून?"

"आज तिसरा. मीच बंद केली." मी छाती काढून सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

"कोंडून?"

"व्हय."

त्यानं चष्मा काढला. "दादा, आणखी एखादा दिवस ठेवलं असतंत तर तुम्ही यांना इकडं आणलं नसतं, दुसरीकडं नेलं असतं."

मला राग आला. मी म्हणालो, "म्हंजी काय, सोडू नये का? पिऊ द्यावं का त्याला?"

"सोडायची. पण इथं सोडायची. इतकी वर्षं रोज प्यायल्यावर अंगाला त्याची सवय होते. एकदम काढून घेतली की मेंदू खवळतो. हात कापतात, नाही ते दिसतं, फिट येते. त्याला गोळ्या आहेत, त्या देऊन हळूहळू उतरवतात. चार-आठ दिवसांचं काम आहे."

"मग माझी कशी सुटते? मी पालथा घालतो पेला."

"तुम्हाला तो आजार नाही."

"आजार कसला? मनात नाय त्याच्या."

डॉक्टर वाद घालत बसला नाही, त्याला दुसरे पेशंट होते. मी आठ दिवस त्या व्हरांड्यात घोंगडं टाकून काढले, आणि उत्तर मला माझ्याच धंद्यात सापडलं. सकाळच्या दवानं ओला लसूणघास मेंढरांनी खाल्ला की काही फुगतात. एकच शेत, एकच घास. पन्नास खातात, पाच-सहा पोटाचा नगारा होऊन आडवी पडतात, बाकीची रवंथ करत उभी राहतात. फुगलेल्या मेंढराला आम्ही काठीनं मारत नाही. याच्या मनात नाही, असं म्हणत नाही. त्याला आधी वाचवतो आणि पुन्हा त्या घासात सोडत नाही. जनावराच्या बाबतीत जे मी पोरवयापासून जाणत होतो ते भावाच्या बाबतीत मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. आज कुणी "आजार का सवय?" असं विचारलं की मी लसूणघासाचं सांगतो. शिकलेल्यालाही कळतं आणि अडाण्यालाही.

धाकटा सुधारून घरी आला. गोळ्या चालू, दर पंधरा दिवसांनी डॉक्टरकडं फेरी. मुकादमानं पुन्हा कामावर घेतलं. अंगावर मांस धरलं. चार महिने एक थेंब नाही. मी वस्तीत पुन्हा ताठ चालायला लागलो.

मग कारखान्यातल्या एका सोबत्याच्या लग्नात वरातीत कुणीतरी त्याच्या हातात ग्लास दिला आणि त्यानं घेतला. एक ग्लास. घरी येऊन निजला, कुणाला कळलंही नाही. कळलं नसतंही. पण त्याच आठवड्यात पोरगी तापानं फणफणली. मुदतीचा ताप होता, त्या साली वस्तीत आणखी चार पोरांना आला होता. पण धाकट्याला चार पोरं दिसली नाहीत. त्याला आपल्या तळहातावरचा भंडारा दिसला.

पोरगी बरी झाली. तो बरा झाला नाही. आधीपेक्षा दुप्पट प्यायला लागला, घरी यायचा बंद झाला. आला तरी पोरीच्या जवळ जात नसे, लांबूनच बघायचा. भावकी म्हणाली, "ज्यानं देवाला जुमानलं नाय, तो कुणाला जुमानणार?" मला दिवसातून चार वेळा ऐकवायचे, "सोड त्याला आता."

एक दिवस भर दुपारी मी चिकलठाण्याला गेलो. देशीच्या दुकानाबाहेर बाकड्यावर बसलेला सापडला. डोकं ठिकाणावर होतं अजून.

मी म्हणालो, "गोळ्या हायत, डॉक्टर हाय, समदं हाय. पुन्हा का लागलास?"

"दादा, शपथ मोडली मी."

"बरं, मोडली. एकदा मोडली."

"शपथ एकदाच मोडती. दुसऱ्यांदा मोडायला ती ऱ्हाती कुठं?" त्यानं पेल्यात बघितलं. "पोरीला ताप आला, तवाच मी समजून गेलो."

"अरं, पोरगी बरी झाली!"

"ह्या बारीला झाली. पुढल्या बारीला? मी सोडली तरी ते टळत नाय आता. शुद्धीत ऱ्हायलो की तेच दिसतंय. मग कशाला ऱ्हाऊ शुद्धीत?"

मी तिथं त्याला दोन ठेवून देणार होतो. हात उचललाही होता. पण मला त्याच्या जागी मीच दिसलो, ओट्यासमोर उभा, छाती काढून: असं नाय, म्हण, माझ्या पोरीचं वाटोळं हुईल. त्याच्या पायात बेडी मी ठोकली होती, आणि वर मीच विचारत होतो, चालत का नाहीस?

त्याच पावली डॉक्टरकडं गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एखादा ग्लास घेतला म्हणजे सगळं संपलं, असं आमच्यात नसतं. पुन्हा सुरुवात करायची, पाहिजे तर पुन्हा भरती करू. पण शपथेवर माझ्याकडं गोळी नाही. कुणी घातली होती?"

"मीच."

"मग तुम्हीच बघा."

दोन दिवस माझ्या तोंडाची चव गेली होती. आयुष्यात मी दिलेला शब्द माघारी घेतला नव्हता, आणि भावकीसमोर चुकलो असं म्हणालो नव्हतो. बायको म्हणाली, "तुमी न्हाय म्हणणार. मला म्हायती हाय." तिच्या त्या म्हणण्यानंच मला चेव आला.

रविवारी तेच पाच-सहा जण मी पुन्हा ओट्यासमोर बोलावले. धाकट्याला त्याची बायको घेऊन आली. तो मागं चिंचेखाली उभा राहिला, जवळ यायला तयार नव्हता. मी सगळ्यांना म्हणालो, "मी घातलेली शपथ आज उतरवणार हाय."

भावकीत गलका झाला. आमच्यातला थोरला चुलता ओट्याची पूजा करायचा. तो म्हणाला, "बेल-भंडाऱ्याची शपथ उतरत नसती. असं आजवर कवा झालं न्हाय."

"मग आज हुईल, आप्पा."

"देवाशी हट्ट करतोस?"

"देवाशी न्हाय. शपथ देवानं घातली नव्हती. मी घातली. शब्द माझं व्हते, ह्याच्या तोंडात मी कोंबले."

मागून एकजण हसला. "थोरल्याची जिरली म्हणायची एकदाची!"

"जिरली," मी म्हणालो. "पोटभर बघून घे, पुन्हा बघायला मिळायची न्हाय."

मी तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर भंडारा ठेवला. घरून निघताना शब्द घोकून आलो होतो, पण ते आठवले नाहीत. जे आले ते बोललो. म्हणालो, "देवा, एका लेकराचा जीव मी पैजेवर लावला, ती चूक माझी. पोरीला त्यातून मोकळी कर. भाऊ माझा आजारी हाय, तो आजार काय शपथेनं जाणारा न्हाय. शपथ मोडली त्याचं जे काय असंल ते माझ्यावर घाल. माझ्या बायकोला, पोरांना, मेंढरांना मधी घेऊ नको. मला एकट्याला धर." आणि तो भंडारा मी माझ्या कपाळाला फासला.

मग मी म्हणालो, "आणखी एक. माझ्या दारात कातरणीला पेला फिरणार न्हाय. मटण दुप्पट घालीन."

त्यावर सगळे एकदम बोलले. "मग कातरायला येणार कोण? खंडोबा?"

"ज्याला माझ्या मेंढरांसाठी यायचं त्यानं यावं, ज्याला पेल्यासाठी यायचं त्यानं दुकानात जावं. कुणीच नाय आलं तर मी एकटा कातरीन. महिना लागंल. लागू दे."

त्या साली मला सतरा दिवस लागले, कारण दहातले तिघंच आले. ते असो.

धाकटा चिंचेखालून पुढं आला. त्यानं विचारलं, "दादा, आन् तुला काय झालं तर?"

"मला काय व्हतंय? मी लई चिवट हाय."

तो खाली बसला. पोरगी इतक्या वेळ आईजवळ खोबरं खात उभी होती. ती जाऊन त्याच्या गुडघ्याला टेकली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायानं दवाखान्यात भरती झाला.

म्हणजे सुटली का? असं विचारणाऱ्यांना मी खोटं सांगत नाही. त्यानंतर तो तीनदा घसरला. पण लपवलं नाही, आणि एकाचे दोन होऊ दिले नाहीत. कारखान्यातून तो पुरी नोकरी करून बाहेर पडला, पोरीचं लग्न शुद्धीत उभं राहून केलं. शपथेच्या जोरावर त्याचे चार महिने निघाले होते. शपथ उतरवल्यावर तीस वर्षं निघाली.

त्या तीन वेळांतली पहिली मला चांगली आठवते. सकाळची वेळ. मी अंगणात मेंढराच्या खुरातला काटा काढत होतो. धाकटा पुन्हा घेतलेली सायकल धरून दारात उभा राहिला.

"दादा, काल घेतली."

माझ्या जिभेवर काय काय आलं ते सांगत नाही. ते सगळं मी गिळलं, आणि गिळायला मला दारूपेक्षा कडू लागलं. विचारलं, "जेवलास का?"

"न्हाय."

बायकोनं भाकरी आणि ठेचा आणला. तो खाली मान घालून जेवला. मी मेंढराचा पाय धुतला, पागोटं बांधलं आणि म्हणालो, "चल. डॉक्टरकडं."

"बस गेली. सायकलीवरच जावं लागंल." तो घुटमळला. "तू बसशील?"

मला सायकल चालवता येत नाही, आणि थोरल्यानं धाकट्याच्या मागं बसून जाणं मला कधी पटलेलं नव्हतं. मी धोतर आवरलं आणि कॅरेजवर बसलो. वस्तीतून निघालो तर ओट्यासमोर माझी जिरली म्हणून हसलेला तोच ओसरीवर दात घासत होता. ओरडला, "काय दादा, वरात कुठं निघाली?"

"दारू सोडायला," मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. "येतोस का? फुडं दांड्यावर जागा हाय."

धाकट्याची पाठ हसण्यानं हलली. सायकल दोन-तीनदा डगमगली, मग त्यानं ती सावरली आणि आम्ही शहराकडं, दिल्ली दरवाज्याच्या रस्त्याला लागलो.